सोमवारच्या गाड्या

झहूर: सही कुठे करायची तेवढं दाखव. चष्मा कपाटात राहिला माझा.

मरवान: सहीचं नंतर, लल्ला झहूर. आधी पडद्यावर बघा. काय दिसतंय?

झहूर: गाडीचं छत. मागच्या दारावरची कड.

मरवान: आणि कडेवर?

झहूर: लाल रंग.

मरवान: एकोणीस वर्षं तुम्ही इथे गाड्यांचा रंग तपासताय. कारखान्यात दुसऱ्या कुठल्या बाईची तुमच्यासारखी नजर नाही, म्हणून चार महिने तुम्हाला बसवून या यंत्राला शिकवलं. फोटो बघून तुम्ही ‘खोट’ म्हणालात, ते खोट शिकलं. ‘ठीक’ म्हणालात, ते ठीक शिकलं. आणि इथे तीन खळगे आहेत. मला दिसतात. मला!

झहूर: सुधारले की तुझे डोळे. पहिल्या दिवशी माशी बसली होती तिला खोट म्हणाला होतास.

मरवान: चेष्टा नको. अशा दोनशे गाड्या सापडल्यात. सगळीकडे तुम्ही ‘ठीक’ म्हणालात. सगळ्या सोमवारच्या, पहिल्या पाळीच्या.

झहूर: सोमवारपर्यंत पोचलास तर.

मरवान: यंत्र तुमच्याइतकंच बघतं असं आज लिहून दिलंत, की उद्यापासून तुम्ही बावीस जणी घरी.

झहूर: तेवीस. फातिन कालच बाळंतपणाहून परत आली.

मरवान: मग? हे खळगे यंत्राकडून सुटतात असं दाखवलं असतंत तर त्याची चाचणी नापास होती. सहा महिने तरी काम टिकलं असतं तुमचं सगळ्यांचं. का गप्प बसलात?

झहूर: दाखवले असते तर हे आले कुठून, म्हणून शोध झाला असता. रंग मारायच्या आधी गाडी कोण पुसतं?

मरवान: हस्ना. तुमची भाची.

झहूर: बुटकी आहे. टाचा उंच करून छत पुसते तेव्हा कपाळ कडेला टेकतं. टोपीतून केसांचं तेल उतरतं. तेलावर रंग धरत नाही.

मरवान: तेल? दारावर पाटी आहे! तेल नको, क्रीम नको, अत्तर नको. नव्या मुलींना पहिल्या दिवशी तुम्हीच दम देता.

झहूर: देतेच. मी स्वतः एकोणीस वर्षं केसांना थेंब लावला नाही. बघ, काथ्या झालाय नुसता.

मरवान: मग तिला एका शब्दानं सांगायचं होतं.

झहूर: तिची आई सल्वा माझी थोरली बहीण. तीन वर्षं झाली, तिला काही आठवत नाही. मला म्हणते, बाई, तुम्ही कोणाकडच्या? पण रविवारी हमामातून न्हाऊन आली की हस्नाला पुढ्यात बसवते आणि आर्गनचं तेल घालते. तेवढा अर्धा तास तिला मुलीचं नाव आठवतं. मी काय सांगू हस्नाला, आईचा हात झटकून टाक?

मरवान: आणि गाड्या?

झहूर: एकही तशी बाहेर गेली नाही. मी खोटेची खूण न करता खळगे घासायचे, पॉलिश करायचे. दोन वर्षं, दर सोमवारी. फोटो त्याच्या आधी निघायचा, तिथे ‘ठीक’ म्हणायचे.

मरवान: यंत्र तेच शिकलं. आता तेही सोडून देणार.

झहूर: आणि घासायला त्याला हात नाहीत. म्हणून म्हणते, दुरुस्त कर त्याला.

मरवान: दोन तासांचं काम आहे. मी गुपचूप करीन. पण मग तुम्ही जाणारच. आणि बाकीच्या बावीस जणी?

झहूर: सहा महिन्यांनी जायचंच होतं त्यांना. नाही, हे मी माझ्या मनाला सांगते. त्यांना कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

मरवान: तुम्हाला काहीच वाटत नाही?

झहूर: वाटायला हवं. सकाळपासून वाट बघतेय. डोळ्यांसमोर हे दिवे, गाड्या येतात, जातात. काही वाटत नाही.

मरवान: येत्या सोमवारी यंत्र ओरडेल, लल्ला झहूर. हस्ना रविवारी आईपुढे बसणारच ना?

झहूर: नाही बसणार. तिला बाजारात धाडीन मी. तिच्या जागी मी बसेन. माझे केस आता कोण तपासणार आहे?

मरवान: आणि तुमच्या बहिणीनं ओळखलं तर?

झहूर: मागून नुसते केस दिसतात तिला. शिवाय मला ती ओळखते कुठे? आण तो कागद.

(ती सही करते. मरवान कागद घेत नाही.)

मरवान: त्या हस्ना म्हणून हाक मारतील तुम्हाला.

झहूर: मारू दे. मी ओ देईन.