‘बघतो’ म्हणाले आणि बघायला आले

...नाही हो, चूक माझी नाहीच, चूक त्या शब्दाची! तुम्हाला सांगतो, पन्नाशी ओलांडली माझी, आजवर ज्याच्या ज्याच्या टेबलासमोर उभा राहिलो त्या प्रत्येकाने मला ‘बघतो’ म्हटलंय. साहेब म्हणाले बघतो, कारकून म्हणाला बघतो, अहो, मुलगी मागायला गेलो तेव्हा सासरेसुद्धा आधी ‘बघतो’च म्हणाले होते. आता ‘बघतो’ म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागतं का? ‘बघतो’ म्हणजे, या आता. ‘बघतो’ म्हणजे, दार तिकडे आहे. मग एखादा माणूस ‘बघतो’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खरोखरच बघायला आला, तर माझ्यासारख्या सरळमार्गी माणसाने करायचं काय?

नको, खुर्ची नको, हे स्टूल बरं आहे. तुमच्या नळाकडे वळूच आपण, आधी हे ऐका.

तर आमचं घर. दार उघडलं की उघडं गटार, गटारापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे आईच्या मैत्रिणीची खिडकी. गटारावर एक फरशी, तेवढीच आमची ये-जा. ती तडकली मधोमध आणि अर्धी आत गेली. मी उडी मारतो. आमची ही पदर खोचून माझ्याहून लांब मारते. पण आई अठ्ठ्याहत्तरची! फळी टाकून पाहिली, तर फळी लवते, आणि आई म्हणते, या वयात मला झोपाळ्यावरून जायचं नाही. चार महिने बाई घरात. आणि त्या मैत्रिणीला दिसत नाही हो, डोळे गेले. रोज चार वाजता आई जाऊन तिला पेपर वाचून दाखवायची, अकरा वर्षांचा नेम. आता काय करते? खिडकीतून वाचते. ओरडून. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना कळतं कोण वारलं ते. दोन बातम्यांत आवाज बसतो तिचा, मग दोघी आपापल्या खिडकीत नुसत्या बसून राहतात. एकीला दिसत नाही, दुसरीला बोलवत नाही.

म्हणून गेलो नगरसेवकांकडे. आपले हे नवे, मुके साहेब म्हणतात ते. त्यांचं निवडणुकीतलं भाषण ठाऊक आहे ना? माइक हातात घेतला, म्हणाले, “मला बोलता येत नाही. तुम्ही बोला.” आणि बसले खाली. लोक दोन तास बोलले. मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं, हा माणूस आपटणार. निवडून आला! तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला म्हणा ना.

आता ‘फरशी फुटली’ एवढंच सांगितलं तर कोण ऐकतं? दहा सांगावं तेव्हा एक होतं, हा जगाचा नियम. थापा नव्हेत त्या, जरासं फुगवायचं, इतकंच. म्हटलं, साहेब, म्हातारी पडली. इथे थांबायला हवं होतं मी. पण ते ऐकत होते ना! फोन वाजला तर उचलला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघतायत... असं कुणी ऐकायला लागलं की मला ब्रेकच लागत नाही. म्हटलं, डावा पाय. म्हटलं, दोन ठिकाणी मोडला. म्हटलं, भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं हो! ते एवढंच म्हणाले, “बघतो.” मला हायसं वाटलं. चला, नेहमीचंच. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता दारात. एकटे. ना गाडी, ना मागेपुढे माणसं, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला, फळीवरून तोल सावरत आलेले. माझ्या तोंडात ब्रश. म्हणाले, “आईंना बघायला आलो.”

आता तुम्हीच सांगा, ‘बघतो’ म्हणजे काय?

आई तेव्हा मोरीपाशी भांडी घासत होती. उभ्याने. दोन्ही पायांवर. मी धावलो आत, म्हटलं, आई, झोप. म्हणाली, आत्ताच तर उठले. मग कानात सगळं सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. “थापा तू मारायच्या आणि पाय माझा मोडायचा?” पण गेली पलंगावर, जन्मापासून ओळखते ना मला. आमच्या हिने जुनी चादर फाडून पाय गुंडाळला. उजवा! मी डोळ्यांनी खुणावतोय, डावा, डावा, आणि ही विचारते, अहो, डोळ्यात काही गेलंय का?

साहेब आले ते चपला बाहेर काढून. खुर्चीवर माझे कपडे पडलेले, ते न हलवता खाली जमिनीवरच बसले. “बोला, आई.” बस्. एवढंच. आणि आई दीड तास बोलली! मी चौथीत नापास झालो तिथून सुरुवात. मी मध्ये मध्ये, पायाचं सांग, पायाचं सांग... तर ही मैत्रिणीचं सांगतेय. कुठल्या बातमीला ती हसते, कुठल्या बातमीला म्हणते पुन्हा वाच. म्हणाली, “ओरडून वाचलं की बातमी पोचते हो, पण गंमत पोचत नाही.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी आदल्या दिवशी एवढा रंगवून पाय मोडला, तेव्हा नाही पुसला!

तेवढ्यात रस्त्यापलीकडून मैत्रिणीची हाक. अगं ए, आज भांड्यांचा आवाज मध्येच थांबला तो थांबलाच, बरी आहेस ना? आणि आई उठली की! ‘आले गं’ म्हणत तीन ढांगांत खिडकीशी. चादर सुटत सुटत मागून गेली, पलंगापासून खिडकीपर्यंत, जसं काही शेपूट फुटलंय.

मी भिंतीवरच्या पाली मोजायला लागलो. एकच होती. तीनदा मोजली.

साहेबांनी चादर गोळा केली, नीट घडी घातली, पलंगावर ठेवली. रागावले? नाही. हसले? नाही. अहो, निदान एक शिवी तरी हासडावी माणसाने, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळतं! म्हणाले, “फरशी कुठली ती? बघतो.”

आणि बाहेर जाऊन, उरलेली फरशी किती वजन घेते ते बघायला, त्यांनी तिच्यावर पाय ठेवला.

डावा. दोन ठिकाणी.

नाही ना विश्वास बसत? माझाही बसला नव्हता. डॉक्टरांना दोनदा विचारलं, नक्की डावाच ना, नक्की दोनच ठिकाणी ना, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले जसा काही मीच मोडला. मी कुठे मोडला? मी फक्त आदल्या दिवशी सांगितला! मला अजून उलगडा होत नाही, मी खोटं बोललो, की खरंच बोललो, फक्त माणूस आणि दिवस चुकला?

दवाखान्यातून त्यांनी पहिला फोन घरी नाही केला, फरशीसाठी केला. चौथ्या दिवशी नवी फरशी. चारच्या ठोक्याला आई पेपर घेऊन निघाली. फरशीवर एक पाय ठेवला, मग दुसरा, मग मधोमध उभी राहून चक्क एक उडी मारून पाहिली. पलीकडून आवाज आला, “आलीस?” आईने उत्तर दिलं ते थेट तिच्या शेजारी बसून, हळू आवाजात. ओरडायचं कारणच उरलं नव्हतं ना आता.

इथे संपायला हवं होतं की नाही? पण नाही! दुसऱ्या दिवशी दोघी एकमेकींचा हात धरून साहेबांना बघायला गेल्या, मलाही नेलं. साहेब पाय वर टांगून पडलेले, चेहरा उतरलेला. पायाचं दुःख नाही हो, बारा घरी ‘बघतो’ म्हणून ठेवलेलं, त्याचं दुःख. आईने माझ्याकडे पाहिलं. “हा जाईल की. याचे दोन्ही पाय शाबूत आहेत.”

मी म्हटलं, अगं, पण मला यातलं काय कळतं? आणि निघताना साहेबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता, आता देणार शिवी. म्हणाले, “काही करू नका. फक्त ऐकून या.”

तर तुमचं हे पहिलं घर. साहेबांनी सांगितलंय, तुमचा नळ सारखा गळतो, पाणी आहे तोवर टप टप, म्हाताऱ्या वडिलांना झोप नाही. बोला, मी ऐकायलाच आलोय... काय? कधी? पाणी गेलं? आत्ता, मी बोलत होतो तेव्हा? मग आता गळणार कसा तो, आणि मी बघणार काय?

असू द्या. उद्या पाणी यायच्या आधी येतो. आणि दार उघडल्याबरोबर, माझं तोंड उघडायच्या आत, तुम्ही सुरू करा.