एस्केपनंतरची उसंत

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… आवाज येत नाहीये, मी ठेवते—

हो, त्यांचंच घर. मी त्यांची मुलगी. बाबा… बाबा गेले हो, दोन महिने झाले… माहीत आहे तुम्हाला? मग… हां, त्यांची सॉफ्टवेअर लायब्ररी. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर कुठलं बटण दाबलं ते ओळखणारी. आता मीच बघते ती. नवी आवृत्ती घेतलीत ना? छान पळते की—

बंद पडते? एस्केप दाबलं की? अहो, एस्केपने बाहेरच पडणार ना… बरं, बोला. एस्केप, आणि मग…? एस? हां, सेव्ह करायला. पण त्यासाठी ऑल्ट आणि एस एकदम दाबायचं, सोपं आहे…

एकच हात चालतो तुमचा?

…सॉरी. मी मध्येच बोलले. सांगा.

म्हणजे आधी एस्केप, मग सावकाश एस. आणि बाबांची लायब्ररी तोवर थांबायची, दोन्ही एकदम दाबल्यासारखं धरायची… हो, ते थांबणं मीच काढलं. वाटलं, त्यांच्या हातून राहून गेलेली चूक असेल. लोकांनी कौतुकही केलं, चपळ झाली म्हणून…

काल किती गेलं? अख्खं भाषांतर?… एस दाबायच्या आतच बाहेर पडलं… अरे देवा.

काका, मी काय बोलू… वाचलीत तुम्ही? नव्या आवृत्तीची टीप? 'बाबांची जुनी चूक सुधारली.' हो. मीच लिहिलंय. सगळ्यांना दिसेल असं.

आणि वर तुम्हीच मला समजावताय.

एक विचारू? दुपारी बाबा फोन कानाला लावून नुसते बसलेले असायचे. अवाक्षर नाही. मी म्हणायचे, अहो कट झालाय, ठेवा आता… तुम्ही होतात?… तुमचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत.

थांबा, कॉम्प्युटर समोरच आहे. होतं तसं करते… झालं. घ्या तुमच्याकडे… आता दाबून बघा. एस्केप… हं… सावकाश, सावकाश…

झालं सेव्ह? पान राहिलं?

नाही काका, टीप पुसत नाही. तिच्याखालीच लिहिते, चूक त्यांची नव्हती, माझी होती… नको, लिहू द्या मला.

ठेवू मग?… काही म्हणत होतात?… घाई नाही हो. म्हणा.

……

……

हो, काका. अच्छा.