प्लाझ्मा बिघडला, नाव पुंजाचं

...आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडंच का बघावं, मी म्हणतो? शेडमध्ये एवढी माणसं, छपरावर कबुतरं, दारात कुत्रं, पण पत्रा वाकडा कापला गेला की माना कुणीकडं वळल्या? पुंजाकडं! अहो, तुम्हाला सांगतो, धोंडाबाईची शप्पथ... नाय, बायकोची नको, ती ऐकंल... माझ्या ह्या पांढऱ्या मिशीची शप्पथ घेऊन सांगतो, ह्या वेळी मी नव्हतो!

आता मागच्या वेळी मी होतो, नाय कशाला म्हणू! जेवणाचा भोंगा भलत्याच वेळी वाजवला, सगळे डबे उघडून बसले, शेठनंसुद्धा हात धुतले, तो मीच. ललितच्या हेल्मेटात रबरी पाल ठेवली, तो पण मीच. पण मस्करी माणसाची करायची, मशीनची नाय. मशीनला कुठं हसता येतं?

अंबडच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप. तिथं हे प्लाझ्मा टेबल. म्हणजे बघा, दोन पलंग जोडल्यावर होईल एवढं लोखंडी टेबल, त्यावर जाड पत्रा टाकायचा, वरनं एक टॉर्च सरकते, कॉम्प्युटरात जसं चित्र तशी फिरते, आणि तिच्या तोंडातनं जी निळी जीभ निघते ना, ती पत्रा असा कापते, जसा दोरा साबणातनं जावा! असं आमचं गुणी मशीन. आणि खंडेनवमीची पूजा झाली, दसऱ्याची सुट्टी संपली, सकाळी चालू केलं तर काय? काठ तिरका, वर खरखर, आणि खालनं वितळलेलं लोखंड लोंबतंय, शेंबड्या पोरासारखं!

शेखरशेठ आले. वयानं माझ्या पोराएवढे, पण बोलतात लय हळू. ओरडणाऱ्या माणसाचं मला काय वाटत नाय हो, पण हळू बोलणारा... बाप रे! म्हणाले, "पुंजाकाका, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कामाचे पत्रे आहेत. दुपारी ठेकेदाराचा माणूस तपासायला येतोय. तोवर काय केलंय ते नीट करा. नाहीतर... उद्यापासून घरी आराम करा."

आराम! तुम्हाला आराम म्हणजे खाट दिसत असंल, मला धोंडाबाई दिसते. आयुष्यभर मी तिची चेष्टा केली, तिच्या मिसरीत कोळसा मिसळला, तिच्या भावाला भूत बनून घाबरवलं, आणि ती काय म्हणते माहितेय? "एकदा घरी बसा, मग बघते." अहो, हसून म्हणते! त्या हसण्याची भीती वाटते मला. मी हात जोडले, "शेठ, ह्या वेळी मी नव्हतो!" तर शेठ आणखी हळू आवाजात म्हणाले, "मागच्या वेळी पण हेच म्हणाला होतात."

बरं, मशीन चालवतो तो ललित, कळवणचा. लय भला माणूस, पण मी जवळ गेलो की आधी हेल्मेट झटकतो. तो म्हणाला, "नोझल गेलं असंल, भोक मोठं झालं की ज्योत फाकते." बदललं नोझल. पत्रा तसाच! "मग आतला इलेक्ट्रोड." बदलला. तसाच! "हवेत पाणी येत असंल." कॉम्प्रेसरचं पाणी सोडलं, माझ्याच चपलेवर सोडलं. तसाच! टॉर्च वर घेतली, खाली घेतली, वेग वाढवला, कमी केला... आणि प्रत्येक तुकडा खाली पडला की ललित तो उचलणार, शेंबूड बघणार, आणि मग हळूच मान फिरवून... माझ्याकडं! अरे, मी काय आत जाऊन बसलोय का त्या टॉर्चच्या? ह्या वेळी मी नव्हतो रे बाबा!

घड्याळ पुढं पळतंय, उभ्या उभ्या मला लसणाचा ढीग दिसतोय, धोंडाबाई सुपात ओततेय, "सोला."

शेवटी मशीनवाल्या कंपनीच्या तेजस्विनी मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. फोन मी धरला. "काका," मॅडम म्हणाल्या, "मला फक्त मिशी दिसतेय. फोन फिरवा." फिरवला. त्यांनी तुकडा बघितला, सगळं विचारलं, आणि म्हणाल्या, "अर्थिंगचा क्लॅम्प, केबलच्या टोकाचा चिमटा, तो दाखवा. वीज टॉर्चमधून पत्र्यात येते, टेबलात उतरते आणि त्या क्लॅम्पमधून परत जाते. ती वाट अडली की ज्योत अशीच थरथरते."

मी, ललित आणि शेठ टेबलाच्या पायापाशी वाकलो. आणि तिघंही वाकलेलेच राहिलो.

क्लॅम्प होता कशावर? स्वस्तिकावर! लालभडक, ऑइलपेंटचं, अस्सं जाड!

आता ऐका. सबंध टेबल गंजलेलं, काळं. क्लॅम्प नीट बसावा म्हणून पायावर तेवढीच एक जागा आम्ही घासून चकचकीत ठेवलेली. खंडेनवमीला साफसफाईसाठी क्लॅम्प काढला, आणि पूजेला आल्या शेठच्या आई, सुलाबाई. त्यांना सगळ्या टेबलावर स्वच्छ जागा दिसली ती एवढीच. दरवर्षी काढतात कुंकवानं, दरवर्षी दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडतं. म्हणून यंदा स्वतः ऑइलपेंटचा डबा घेऊन आल्या! दसऱ्यानंतर ललितनं काय करावं? स्वस्तिकाला नमस्कार केला, आणि क्लॅम्प लावला त्यावरच!

मॅडम म्हणाल्या, "सोपं आहे. रंग खरवडा." आणि फोन ठेवला. त्यांचं काय जातंय? त्यांनी सुलाबाई बघितल्यात कुठं! अहो, त्या गेटातनं आत आल्या की कुत्रं शेपूट पोटात घेतं. शेठ मोठमोठ्या साहेबांशी हळू बोलतात, आईशी बोलतच नाय, नुसती मान हलवतात.

"ललित, खरवड," शेठ म्हणाले.

"शेठ, माझा आज उपास हाय."

"मग केबल दुसरीकडे लाव."

"पुरत नाय शेठ."

"मला... मला कॅबिनमध्ये फोन येतोय," शेठ म्हणाले. फोन तर त्यांच्या हातात होता, गप्प! आणि मग दोघांची मान एकदम फिरली. कुणीकडं, सांगा बरं? शेठ म्हणाले, "काका, नाहीतरी तुमच्यावर आळ आहेच..."

ग्राइंडर घेतला. देवाला म्हणालो, बाबा रे, तू सगळं बघतोयस, ह्या वेळी मी नव्हतो, पण हे आत्ता जे करतोय तो मीच हाय, तेवढं पोटात घाल. केला चालू. मी ग्राइंडर धरला होता का ग्राइंडरनं मला, देव जाणे. रंग उडाला, लोखंड चमकलं, आणि मी ग्राइंडर बंद केला तर मागनं आवाज...

"शेखर, डबा गार होतोय! आणि पुंजा, काय खरवडतोस रे तिथं?"

वळून बघतो तर ललित टेबलाखाली, शेठ खांबामागं, खांब बारीक आणि शेठ रुंद. खांबाआडनं मला हात जोडतायत. आता काय सांगू? "आई, मशीन तुमच्या स्वस्तिकानं बिघडलं" म्हणू? सगळ्या कामगारांसमोर? मग शेठ आज वाचले तरी रात्री घरी जेवतील कसे, आणि मला ठेवतील कशाला? धोंडाबाई सूप घेऊन उभी दिसली हो मला, समोर!

"आई," मी म्हणालो, "मी मशीनची मस्करी केली. इथं बिघाड करून ठेवला होता, तो काढतोय. त्यात तुमचं स्वस्तिक गेलं. शेजारी नवीन काढून देतो."

"वाटलंच मला!" असा कान पिळला, असा पिळला, अजून गरम हाय, हात लावून बघा! "साठी उलटली तरी वळवळ जाईना मेल्याची!"

ललितनं क्लॅम्प लावला, टॉर्च फिरवली. पत्रा पडला खाली... स्वच्छ! काठ असा की बोट फिरवावं. ठेकेदाराचा माणूस आला, बघून गेला, खूश. शेठनं मला कॅबिनमध्ये बोलावलं, स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी दिली, हळूच म्हणाले, "काका, कबूल केलंत, म्हणून राहा कामावर." अहो, त्यांना ठाऊक हाय ना कुणी केलं ते! पण असं म्हणाले की मलाच दोन मिनिटं वाटलं, आपणच केलं असंल.

बाकीच्यांना तर पक्कं पटलंय. एक विचारतो, काका, कसं बिघडवलं तेवढं सांगा. दुसरा म्हणतो, मॅडमला पण चकवलं, मानलं तुम्हाला. आणि काल ललित आला, स्वतःच्या हातानं स्वस्तिकावर क्लॅम्प लावणारा ललित! हेल्मेट झटकलं, इकडंतिकडं बघितलं, आणि कानाशी लागला, "काका, शनिवारी जरा पुन्हा बिघडवा ना. कळवणला मेव्हण्याचा साखरपुडा हाय, शेठ सुट्टी देत नायत."

मी काय म्हणणार? म्हणालो, बघतो.