परसातली अळंबी

मी फुलाबाई सोनबा ढेबे, वय अंदाजे ६० वर्षे, धंदा शेळ्या पाळणे व घरकाम, रा. ढेबेवस्ती, भाटघर, ता. भोर, जि. पुणे. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी धाकटा मुलगा नाथा व त्याची पत्नी सुलक्षणा यांच्यासह राहत होते. मोठा मुलगा साहेबराव कापूरहोळ येथे गॅरेज चालवतो. नाथा मयत झाल्यावर, सुलक्षणाने भाजीत विष घातले असा अर्ज साहेबरावने दिला आहे. त्याबाबत मला बोलावले आहे.

संकष्टीच्या सकाळी आमच्या परसात फणसाखाली पांढरी अळंबी उगवलेली नाथाला दिसली. आम्ही दर पावसाळ्यात रानातली, वारुळावरची अळंबी खातो. परसात यापूर्वी कधी उगवली नव्हती. नाथाने ती स्वतः उपटून आणली. सुलक्षणा म्हणाली, "ही वारुळावरची न्हाईत. देठ येगळा दिसतोय. नगा खाऊ." नाथा म्हणाला, "तू शिवऱ्याची, हायवेवरच्या गावची. तुला अळंबीतलं काय कळतंय?" मी चुलीजवळ होते. मीही हसले.

नाथाच्या सांगण्यावरून सुलक्षणाने भाजी केली. तिचा उपवास होता. माझे दात दुखत होते म्हणून मी पेज घेतली. भाजी एकट्या नाथाने खाल्ली. "आये, चव तरी बघ," असे तो मला म्हणाला. मी नको म्हणाले.

सायंकाळी त्याला उलट्या व जुलाब सुरू झाले. उरलेली भाजी सुलक्षणाने उकिरड्यावर टाकली, हे खरे आहे. ती टाकायला मीच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला बरे वाटले. चहा प्यायला. शेळ्या सोडल्या. आम्हाला वाटले, टळले. त्यानंतर त्याचे डोळे पिवळे झाले. सुलक्षणाने टेम्पो बोलावून त्याला भोरला व तेथून पुण्याला नेले. लिव्हर निकामी झाले असे डॉक्टरांनी सांगितले. तेथे नाथा तिला म्हणाला, "तू सांगितलं व्हतंस." ती त्याचे पाय चोळत बसली. तो त्याच दवाखान्यात मयत झाला.

साहेबरावही माझाच मुलगा आहे. त्याचा भावावर लई जीव होता. दहाव्याला त्याने सुलक्षणाला पिंडाजवळ येऊ दिले नाही. मी त्याला म्हणाले, "एक गेला, बाबा. हिला तरी ऱ्हाऊ दे." तो माझ्याशी बोलत नाही.

सुलक्षणाचे वडील तिला न्यायला आले होते. "आत्याबाई एकट्या पडतील," असे माझ्याबद्दल म्हणून ती गेली नाही. माझी तिच्याविरुद्ध काही तक्रार नाही. ती सकाळपासून बाहेर बाकावर उपाशी बसली आहे. तिला माझ्याबरोबर घरी पाठवावे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात सुलक्षणाच्या नावापुढे 'संशयित' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले व 'सून' लिहून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे.

डाव्या हाताचा अंगठा,
फुलाबाई सोनबा ढेबे