अनिशाची खोली

—नाय ओ ताई, शुक्रवारपासून जमूचा नाय. दुसऱ्यो दोन खोल्यो भरल्यो, आणि तुमी आता रवलासात ती माझ्या झिलाची, अनिशाची. एरवी देतंय पावण्यांका—पण देवीच्या जत्रेक तो येतलो मंगळुरासून, सून, सुनेचे आईबाप, सगळे. सात वर्सांनी! चाय घेवा, थंड होता.

तुमी हयसून मंगळुराकच जातालात? बरा शार आसा. बागा बघा, मासे खावा. मी गेल्या वर्सा गेललंय मां—कुडाळाक रेल्वेत बसलंय, पिशयेत कोकमाच्या आगळाची बाटली, कुळथाची पिठी, सुनेक म्हणान. अनिश स्टेशनार इलो आणि गाडी थेट हाटेलात. म्हणालो, आई, घरात दाटी होता, तुका हयच आराम. होयच मां, सासू-सासरे तेच्याकडेच रवतत. तीन दिवस बागाच बागा दाखवल्यान—फुला, कारंजी, बसाक बाकडी. मासे, मुडदुशे तर काय ताजे! मसालो येगळो, पण बरो. घर? घराक रंग कसलो आसा इचारशात, तर माका ठावक नाय. पिशवी तेनाच नेल्यान. निघताना मी हाटेलातली चादर काढून घडी घातलंय, खोली झाडलंय—सवय ओ, जल्मभर पावण्यांच्या खोल्यो झाडतंय—तर थयची बाई हसाक लागली. मी पण हसलंय. मगे रेल्वेत रडलंय. ता सोडा.

नाय, राग कसलो? पोटचो झील तो. म्हणान तर ही खोली रंगवून घेतलंय, पंखो नवो लावलंय. हयसर दाटी होवची नाय, म्हटला, पाय पसरून झोपांदेत सगळी. आज सकाळी फोन इलो तेचो—सासऱ्यांका एसी होयो, तारकर्लेक किनाऱ्यारचा हाटेल घेतलंय, तू दगदग करू नको. मी म्हटलंय, बरा.

होय. आज सकाळीच. तरी तुमका नाय म्हणत होतंय बघा—कोणासाठी अडवून ठेवतंय, देवाक ठावक. रवा तुमी. शुक्रवार, शनवार, होये तितके दिवस रवा, चादर बदलून देतंय. जेवक तरी येशील काय, ह्या मी तेका इचारूकच नाय. भियालंय, खरा सांगतंय—नाय म्हणालो असतो तर?

जावा आता. कप थयच ठेवा, मी धुतंय.