शेवटच्या शिट्टीपर्यंत विमा

...न्हाय, पण मला सांगा, रेफ्रीला कामगाराचं हक्क द्यायचं तर द्या की! पण ते हक्क वाचून दाखवताना मीच नेमका चहाला गेलतो, ह्यात माझी काय चूक?

तुमास्नी सांगतो पावणं, सीझनच्या आधी फुटबॉल संघटनेनं आमा रेफ्रींचं सुरक्षेचं शिबिर घेतलं, राजारामपुरीत. शिकवाय नेमिनाथ साहेब. कारखान्यातनं सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झाल्यालं, चेंडूला जन्मात लाथ मारली न्हाय, पण बोलणं कसं, लोण्यागत! 'मित्रांनो, मैदान हे आपलं कामाचं ठिकाण आहे.' आँ? आमी आजवर मैदानच समजत हुतो! चप्पल लागली, हळद दाबली, गप घरी. साहेब म्हणले, 'तसं नाही. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत तुमचा विमा आहे. पुढं तुमचं तुम्ही.' मी खूश हून चहाला गेलो, आन माघारी साहेबांनी फुडचा धडा घेतला... धोक्याचं काम असंल तर कामगारानं सरळ नाकारावं!

झालं! आली शेवटची मॅच. वाघजाई तालीम आन पिंपळकट्टा तालीम, आमच्याकडं गल्लीच्या तालमीचाच फुटबॉल संघ असतोय. बरोबरी झाली तरी पिंपळकट्टा चॅम्पियन, वाघजाईला जिंकायलाच पायजे. आमच्यातला थोरला रेफ्री उदयसिंह, त्यानं आदी नाकारलं, मग समद्या रेफ्रींनी एकजात हक्क बजावला. ऱ्हायलं कोण? चहा पिल्यालं! आन मी जन्माचा वाघजाईचा, बायको निशिगंधा पिंपळकट्ट्याची, मेव्हणा ऋतुराज त्यांचा गोलकीपर! जी गल्ली हरंल तितं माझं पाऊल बंद. संघटनेला म्हणलं, 'अवो, माझ्या संसाराचा प्रश्न हाय!' तर म्हणत्यात, 'दोन्हीकडचा माणूस म्हंजे तटस्थच की!' आन नेमिनाथ साहेब खांद्यावर हात ठेवून, 'कृष्णात, घाबरू नका. मैदान हे आपलं कामाचं ठिकाण आहे.'

मॅच शेवटाकडं आली, दोन्हीकडं शून्य. आन ऋतुराजनं, माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं, गोलसमोर आमच्या पोराचा पाय वढला! समदं मैदान गप. फकस्त पयल्या रांगेतनं सासूबाईंचा, म्हंजे चिमणामामींचा आवाज... 'पावणं! दिवाळीला येणार न्हवं?'

पण खरं सांगू? शिट्टी तोंडात आली की मला नातं दिसतच न्हाय. फाऊल म्हंजे फाऊल. दिली पेनल्टी! गोल! आमची गल्ली नाचाय लागली, आन मामी उठल्या, पदर खोचला, जाळीपाशी यून हुब्या. गप! बोलत हुत्या तवर बरं होतं वो!

घड्याळ बघितलं. वेळ संपली. शिट्टी तोंडात धरली, आन डोस्क्यात उजेड पडला... शेवटची शिट्टी वाजली की विमा खलास! वाजवत न्हाय तवर मी कामगार, वाजवली की जावई! न्हाय वाजवली. खेळा म्हणलं! पोरांच्या जिभा भाईर, आमचा कोच बाळासो बोंबलतोय, 'कृष्ण्या, शिट्टी वाजीव की लेका!'

'इंज्युरी टाईम हाय!'

'कुणाला झाली इंज्युरी?'

'व्हायची हाय अजून!'

तेवढ्यात कॉर्नर. ऋतुराज गोल सोडून पळत फुडं आला आन हाणला की डोस्क्यानं! गोल! बरोबरी! पिंपळकट्टा चॅम्पियन! मामी जाळीवर चढून वरडायल्या, 'सोन्यासारका जावाय माझा!' आन आमच्या गल्लीतनं आवाज, 'कृष्ण्या, ये की आता घरला!' मी लांबनंच साहेबांना विचारलं, 'विमा वाढवून मिळंल का?' साहेबांनी न्हाय म्हणून मान हलवली. मग काय! शिट्टी वाजवली, आन ती हवेत असतानाच सुटलो पिंपळकट्ट्याकडं.

तवापासनं सासरवाडीतच हाय. व्हय, घरजावई! तांबडा-पांढरा रस्सा हाय, मान हाय... आन मामींच्या म्हशी हायत. पहाटे शेण काढा, धारा काढा, वैरण आणा, रविवार न्हाय, सण न्हाय. एक म्हस तर मला बघितलं की लाथच उगारती!

परवा फोन लावला. म्हणलं, 'साहेब, सुट्टी न्हाय, हेल्मेट न्हाय, विमा न्हाय. कायदा काय म्हणतोय? हे माझं कामाचं ठिकाण हाय का न्हाय?'

 साहेब लोण्यागत म्हणले, 'नाही हो कृष्णात. ते तुमचं सासर आहे.'