सकाळीच धुतलेले पाय

— नाही, आधी बस तू. त्या स्टुलावर बस, आणि रडायचं काम नाही, पलीकडे चर्चमध्ये मंडळी गाणं म्हणतेय, भिंत पातळ आहे. पाळकांनी काय सांगितलंय? येशूने शिष्यांचे धुतले तसे दोघी बहिणींनी एकमेकींचे पाय धुवा, मगच प्रभुभोजनाची भाकर, नाहीतर दोघींनाही नाही. ठीक आहे, धुते. मला काय, मी दरवर्षी धुते — आणि कुणाचे? मुद्दाम मागच्या बाकावरची बाई हेरून पुढे बोलावते, सगळ्यांदेखत. बायका म्हणतात, ताईंसारखी नम्र बाई या मंडळीत दुसरी नाही. मी नाही म्हणत हं, त्या म्हणतात.

काढ चपला. अगं बाई — हे काय पाय आहेत? लोक घरून साबणाने घासून येतात गं, इथे नुसतं पाणी ओतायचं असतं, मळ काढायचा नसतो. इस्पितळाच्या फरशा पुसून तशीच आलीस ना — मुद्दाम, मला तुझ्या भेगा चोळायला लावायला. लग्नही असंच केलंस, आमचं नाक कापून. तरी मी क्षमा केली. आईच्या अंत्यविधीला अगदी मागे का होईना, बसू दिलं ना तुला? दर रविवारी प्रार्थनेत तुझं नाव घेते, मोठ्याने — आता ऐकून बायका कुजबुजतात त्याला मी काय करू?

झालं. पूस आणि चल — अगं, खाली का बसतेस? माझे? माझे राहू देत, सकाळीच धुतलेत. पाळकांना सांगू धुतले म्हणून, इथे कोण बघायला आलंय? खोटं कसलं त्यात, अर्धं तर खरंच — तो टब ठेव खाली. माझ्या पायांना आजवर कुणी हात लावलेला नाही. कुणी विचारलंच नाही, मीच आधी खाली बसायची ना, मग कोण विचारणार — आणि आता तू लावणार? फरशी पुसायचे हात? म्हणजे बाहेर सगळ्यांनी म्हणायचं, धाकटी बघा किती नम्र.

हे काय, कोमट पाणी? थर्मासमधून आणलंस, माझ्यासाठी? मी तर तुझ्यावर नळाचंच ओतलं... सोड. घोटा सोड म्हणते ना. जा आत, पाळकांना सांग, ताईला भाकर नको. — हो, मग तुलाही मिळणार नाही. त्याला मी काय करू? जाताना दार ओढून घे.